अमेरिकेचे राष्ट्रनिर्माते: आदर की देव्हारा?

रानवाट:

वॉशिंग्टन डी.सी.तल्या कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदभवनाच्या, घुमटात, आतून, एक भलंमोठं भित्तिचित्र आहे. कॉन्स्टंटिनो ब्रुमिडी या इटलीत जन्मलेल्या चित्रकाराने ते १८६५ साली पुरं केलं. जॉर्ज वॉशिंग्टन ढगांवर बसून स्वर्गाला निघालेत आणि दोन्ही बाजूंना देवता आहेत. राजाची सत्ता झुगारणाऱ्या देशाने आपल्या पहिल्या अध्यक्षाला थेट देवपदी नेऊन बसवलं. २०२६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं अडीचशेवं वर्ष, त्यामुळे ही आरती आणखी जोरात चालणार. ती थांबावी असं माझं ठाम मत आहे.

ओना जज हे नाव किती जणांना माहीत आहे? मार्था वॉशिंग्टनची ही तरुण दासी. अध्यक्षांचं बिऱ्हाड तेव्हा फिलाडेल्फियात होतं. पेन्सिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तिथे राहिला की त्याला स्वातंत्र्य मागता येई. म्हणून मुदत भरायच्या आत गुलामांना राज्याबाहेर नेऊन परत आणायचं, असा वॉशिंग्टन यांचा शिरस्ता होता. हे गुलामांना आणि लोकांना कळू नये अशी सूचना त्यांनी आपल्या सचिवाला लेखी दिली होती. पुढे ओनाला कळलं की मार्थाबाई आपल्याला नातीला आंदण देणार आहेत. मे १७९६ मध्ये घरचे जेवायला बसलेले असताना ती निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टन यांनी तिथल्या जकात अधिकाऱ्याला तिच्या मागावर लावलं. तिने निरोप धाडला: तुमच्या दोघांच्या पश्चात मला मुक्त कराल असं वचन द्या, मी परत येते. त्यांनी नाही म्हटलं. बेइमानीला बक्षीस कसं द्यायचं, हे त्यांचं कारण. ती १८४८ साली वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी फरारीच होती.

ज्याला स्वातंत्र्य कशाला म्हणतात हे नीट ठाऊक होतं, त्याने हे केलं.

अटकेपार:

मी न्यू जर्सीत राहतो, माझी मुलं इथल्याच शाळेत हा इतिहास शिकतात. ओना जजची हकीकत खरी आहे. पण एक धागा सुटला. ती मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली होती, तिला मुक्त करणं कायद्याने वॉशिंग्टन यांच्या हातात नव्हतं. १७९९ साली वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्यांचे स्वतःचे, आणि त्या सगळ्यांची सुटका त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली.

आता दुसरी बाजू. २३ डिसेंबर १७८३ रोजी अ‍ॅनापोलिसला भरलेल्या काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, उभं राहून या माणसाने सेनापतिपद सोडलं. लढाई जिंकलेली, सैन्य पाठीशी. क्रॉमवेल आणि नेपोलियन अशा वेळी सत्ता कशी बळकावून बसले ते आपण जाणतो. अध्यक्षपदाच्याही दोनच खेपा घेऊन ते घरी गेले. सत्ता हातात असताना ती सोडून देणारे जगात किती झाले? मला तरी ही गोष्ट फार मोठी वाटते, आणि मी तिच्यापुढे मनापासून मान झुकवतो.

माळरान:

त्या काळात सगळेच गुलाम बाळगत. आजच्या मोजपट्टीने त्यांना मापणं अन्याय आहे. जाहीरनामा लिहिणारे आणि पुढे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला होता, तो काँग्रेसने गाळला.

रानवाट:

@माळरान, सगळेच? व्हर्जिनियातच रॉबर्ट कार्टर हे बडे जमीनदार होते. १७९१ साली त्यांनी रीतसर दस्त नोंदवून आपल्या सुमारे ५०० गुलामांच्या टप्प्याटप्प्याने सुटकेची सोय केली. त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी स्वतः पूर्वी गुलाम ठेवले होते, पण १७९०मध्ये गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही करून तो काँग्रेसकडे पाठवला. मी काळाचीच मोजपट्टी लावतोय.

आणि जेफरसन यांचं काय झालं? ४ जुलै १८२६ला ते वारले ते कर्जात बुडून. जानेवारी १८२७मध्ये त्यांच्या मोंटिचेलो या मळ्यावर लिलाव पुकारला गेला, त्यात १३० माणसं विक्रीला होती. जोसेफ फॉसेट हा तिथला लोहार. मृत्युपत्राने त्याला मुक्त केलं होतं, पण त्याच्या बायकोला आणि पोरांना नाही. ती या लिलावात विकली गेली. बायको एडिथ जेफरसन यांच्याच अध्यक्षीय स्वयंपाकघरात तयार झालेली आचारीण. ‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्याच्या घरचा हा हिशोब.

पायरीवरची:

महात्मा फुल्यांचा विषय इथे निघायलाच हवा. ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघालं, ते त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. कोणत्या लोकांना? गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्यांना. घुमटातल्या देवाला नाही. कुणाला मान द्यायचा ते पुण्यात बसून जोतिबांना बरोबर कळलं होतं. मी रानवाट यांच्या बाजूने.

अटकेपार:

@पायरीवरची, फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेन वाचला होता, आणि पेन त्याच क्रांतीचा. बाबासाहेबांचंही बघा. २५ नोव्हेंबर १९४९च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी जेफरसन यांचा दाखला दिला: एका पिढीला पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा हक्क नाही. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून निसटलेले. १८५२मध्ये रॉचेस्टरला त्यांनी ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, उत्सवावर आसूड ओढला, पण त्याच भाषणात जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांना शूर आणि थोर म्हटलं. ज्यांना सर्वांत जास्त राग यायला हवा होता त्यांनी हा वारसा टाकून दिला नाही. मग आपण का टाकायचा?

रानवाट:

त्याच भाषणात बाबासाहेबांनी हेही बजावलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. जेफरसनचं वाक्य घेतलं, जेफरसनची पूजा केली नाही. मीही तेवढंच मागतोय. वाक्य घ्या.

अटकेपार:

वाक्य कुणीतरी जीव धोक्यात घालून लिहिलं होतं, ते राजद्रोहाचं कलम होतं. मोंटिचेलोवर २०१८पासून सॅली हेमिंग्ज यांच्यावरचं दालन उघडलंय. जेफरसन यांच्या मुलांची ही गुलाम आई. माझ्या मुलांना मी ते दालनही दाखवणार आणि जाहीरनाम्याचं ते वाक्यही पाठ करायला लावणार, ज्याने लिहिलं त्याच्या नावासकट. इथे आपलं जमणार नाही असं दिसतंय.