अनुभव धागा: पावसात भिजणाऱ्या जागेच्या लाद्या

ठाणेपूर्व
सकाळपासून संततधार. गॅलरीतल्या गुळगुळीत लादीवर पाऊल सरकलं आणि जुन्या चाळीतल्या मोरीची खडबडीत शहाबादी आठवली. गॅलरी, गच्ची, बाथरूम, ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा.

मोजपट्टी
खोक्यावर पाणीशोषण बघा. व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली लादी) ०.५ टक्क्याच्या आत, भिंतीची सिरॅमिक १० च्या वर. भिंतीची लादी गच्चीवर लावू नका, पाणी पिऊन फुगते आणि ग्लेझला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, केसाएवढ्या भेगा जातात. आर ११ हा लादी किती घसरत नाही याचा आकडा बूट घालून, तेलकट उतारावर काढलेला असतो. अनवाणी ओल्या पायांसाठी ए-बी-सी हे वर्ग वेगळे. बाथरूमला किमान बी विचारा.

सानपाडा_ताई
+१. आणि खोक्यांवरचा बॅच नंबर, शेड एकच घ्या हो! १० टक्के जास्त, वर एक खोकं माळ्यावर.

कोबा
लादी पाणी अडवत नाही, खालचा थर अडवतो. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात गोलाई, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. शॉवरच्या भिंतीवर ६ फुटांपर्यंत. नहाणी ट्रॅपचं (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा, पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि खालच्या घरी जाऊन छत बघा. ढाळ कोब्यातच द्यायचा, मीटरला १० मिमी. लादीखाली मसाला कमीजास्त करून दिलेला ढाळ टिकत नाही.

ठाणेपूर्व
खालचे लोक दार उघडतील तर ना :(

कोबा
आधी सांगून ठेवा काका, उघडतात.

नेरुळ१९
मिस्त्री सवयीने लाद्या भिजत घालतो. ते सिमेंट मसाल्यासाठी. ॲडहेसिव्हला (गोणीतला लादी चिकटवायचा तयार माल) लादी कोरडी आणि मागची पांढरी भुकटी पुसलेली हवी. व्हिट्रिफाइड पाणी ओढत नाही म्हणून नुसती सिमेंटची घोळ तिला धरत नाही. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून तर अजिबात लावू देऊ नका, मधल्या पोकळीत पाणी साठतं. दातेरी थापीने एकाच दिशेला रेघा ओढायच्या, पहिलीच लादी दाबून परत उचलायची. मागे रेघा चेपून सगळीकडे माल लागला असेल तर पुढे जा. रेघा तशाच उभ्या दिसल्या तर माल सुकलाय, खरवडून नवा लावा. २० किलोची गोणी, ३ मिमी थर, साधारण ४५ चौरस फूट.

सानपाडा_ताई
तुळशीच्या कुंडीखाली पांढरं येतं ते काय?

नेरुळ१९
सिमेंटमधले क्षार, पाण्याबरोबर वर येतात. कुंडीला पाय लावा, खाली हवा खेळू द्या.

मोजपट्टी
गच्चीबद्दल राहिलं. १० मीटर लांबी, ४० अंशांचा फरक, लाद्या जवळजवळ ३ मिमी वाढतात. सांधे ३ मिमी तरी ठेवा, दर ३ मीटरला आणि कठड्यालगत ८-१० मिमी फट सोडून त्यात लवचिक सीलंट. ती फट सिमेंटने बुजवली की लाद्या तंबूसारख्या उठतात.

खारघर_माई
बाथरूमला सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट घेतलं तर लगेच ओल्या स्पंजने पुसून घ्या, वाळलं की निघत नाही. इथे जोरात सुरू झालाय, कपडे काढून येते, बाकीचं मग.