बेचिराग गाव म्हणजे जळालेलं गाव?

करवीरची लेक

एका अहवालाचं मराठी करते आहे. २०११ च्या जनगणनेतले आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे तक्ते आहेत, बाराही तालुके. प्रत्येक तालुक्यापुढं गावांचे दोन रकाने: वस्ती असलेली गावं आणि वस्ती नसलेली गावं. दुसऱ्या रकान्यावर मी ‘बेचिराग गावे’ असं लिहिलं. माझे आजोबा चावडीत कारकून होते. ज्या गावाला सातबारा आहे, शीव आहे, पण घर एकही नाही, त्याला ते सहज बेचिराग म्हणायचे.

काम ज्यांचं आहे त्यांनी कागद परत पाठवला. शब्दाभोवती तांबडा गोल आणि बाजूला एक ओळ: ‘आपल्या जिल्ह्यावर बॉम्ब कधी पडला?’ खाली त्यांचा शब्द, निर्जन.

निर्जन माझ्या गळी उतरत नाही. निर्जन रस्ता असतो, निर्जन बेट असतं. पण तलाठ्याच्या दप्तरातलं गाव निर्जन? बरं, बेचिराग हा शब्द तुम्ही कुणी या अर्थानं ऐकलाय का, की आमच्याच घरातला आहे? जाता जाता, ‘सेन्सस टाऊन’ला मराठीत काय म्हणता तेही सांगा. मी तूर्त ‘जनगणना शहर’ लिहिलंय आणि मलाच ते आवडलेलं नाही.

रंकाळ्याचा वारा

बेचिराख ऐकलंय ताई, ख नं. पेपरात रोज असतं. ‘शहर बेचिराख.’ शेवटी राखच राहती की हो. ग कुठनं आला?

मिरजेचा अत्तरवाला

ग आधीपासूनच आहे, ख नंतर आला. फारसी ‘बे’ म्हणजे शिवाय, ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग. उत्तरेकडं महसुली कागदांत ‘बेचिराग मौजा’ असा प्रकारच होता. आगीशी याचा काही संबंध नाही, उलट आगच नाही अशी तक्रार आहे.

मराठीत आल्यावर लोकांना चिराग दिसेना, राख दिसली. शब्द तोडला ‘बेचि-राख’ असा, आणि मग अर्थही राखेमागं गेला. आज बेचिराख व्हायला बॉम्ब लागतो. एके काळी तेल संपलं तरी पुरत होतं.

शुद्ध तुपातली

म्हणजे परकीय शब्द, तोही अपभ्रष्ट, आणि अर्थ बदललेला. तीन दोष असताना हट्ट कशासाठी? ‘निर्जन’ संस्कृत आहे, सर्वांना कळतं. सरकारी मराठी आधीच अरबी-फारसीनं भरलेलं आहे: तालुका, जिल्हा, मौजे, तहसील. थोडं तरी स्वच्छ करू या.

रंकाळ्याचा वारा

मग जिल्हाच काढा अहवालातनं. आणि तूप तेवढं ठेवा.

मिरजेचा अत्तरवाला

शुद्ध तुपातली ताई, तुमच्याच गावातली गंमत सांगतो. फार्शी-मराठी कोश १९२५ साली कुणी केला? माधव जूलियन यांनी. फारसी शिकवायचे, गझल मराठीत रुजवली. मग कोल्हापुरात राजाराम कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. एकाच माणसानं आधी फारसी शब्दांची यादी केली आणि नंतर ते काढायला सांगितले. तुमचं आमचं भांडण त्या एकट्यानं स्वतःशी भांडून घेतलंय.

शुद्ध तुपातली

म्हणजे अभ्यास केल्यावर ते माझ्या बाजूला आले.

पांढरी काळी

पन्हाळा तालुक्यात शेती करतो. ताईंच्या आजोबांचा शब्द खरा हाय. आमच्या शिवेला लागून असं गाव हाय, नाव सांगत न्हाई, सातबारावर स्वतंत्र मौजे हाय. घर एक न्हाई. जमीन आमच्या आणि पलीकडच्या गावच्या लोकांच्या नावावर. आमच्यात म्हणत्यात, ‘त्या गावाला काळी हाय, पांढरी न्हाई.’ पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची. गाव म्हणजे दोन्ही.

पांढरीचं टेकाड अजून दिसतं. आत्ता तिथं ऊस हाय. नांगरट केली की खापऱ्या निघत्यात. एकदा जात्याची तळी निघाली, निम्मी. म्हातारी म्हणायची प्लेगात गाव उठलं, आमच्या चुलत्याच्या मतानं पाणी आटलं म्हणून उठलं.

आता तुमच्या शब्दाची अडचण सांगतो. त्या टेकाडाच्या कडंला मारुती हाय. शनवारी आमच्या वाडीतला एक जण जाऊन दिवा लावतो, त्याच्या आज्यापासनं चालू हाय. देवळीत तेलाचा काळा थर बोटभर झालाय. आता सांगा, माणूस एक न्हाई पण दिवा लागतो, त्या गावाला बेचिराग म्हणायचं कसं?

करवीरची लेक

दादा, हे वाचून मी तक्ता बंदच केला.

मिरजेचा अत्तरवाला

आठवड्यातून एकदा. एकसप्तमांश चिराग.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे अशा गावाला रिठ म्हणतात. गावांच्या यादीत नावापुढे ‘रिठी’ लिहिलेलं असते. लहानपणी मला वाटे रिठ्याची झाडं असतील. बेचिराग मी फक्त सिनेमातल्या जमीनदाराच्या तोंडी ऐकला. रिठ घ्या न, दोन अक्षरांत काम होते, रकान्यातही मावते.

रंकाळ्याचा वारा

कोल्हापुरात रिठ लिहिलं तर लोक केस धुवायला येतील भावा.

निवृत्त प्रगणक

शिक्षक होतो. १९९१, २००१, २०११ अशा तीन जनगणना केल्या. दिव्यावरून चर्चा चालली आहे म्हणून लिहितो.

जनगणनेत आम्ही दिवा मोजत नव्हतो, चूल मोजत होतो. व्याख्याच तशी: एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. गावात विचारलं तर लोक उंबरे सांगायचे, ‘आमचा गाव तीनशे उंबऱ्यांचा.’ मी जाऊन बघावं तर उंबरा एक आणि चुली तीन. थोरल्या जाऊबाई पुढच्या सोप्यात, मधल्या माजघरात, धाकट्या परड्यातल्या पत्र्याखाली. घरातला म्हातारा सांगायचा, ‘सगळं एकच घर हाय मास्तर, एकच लिवा.’ सुना मागनं खूण करायच्या, तीन. फॉर्मवर चूल जिंकायची. म्हातारा पुढं दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तेव्हा मूळ शब्दाला न्याय द्यायचा असेल तर ‘बेचूल’ म्हणा.

शुद्ध तुपातली

बे फारसी, चूल देशी. सर, तुम्ही तर संकरच केलात.

निवृत्त प्रगणक

बेवारस, बेशिस्त, बेभान, बेसूर. यातला शिस्त कुठला नि भान कुठलं ते तुम्हीच तपासा. ‘बे’ आता घरचा झालाय.

आणि एक. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी फिरून मोजणी होती, २८ च्या रात्री बेघरांची. म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. माझ्या गटाला लागून असंच एक बिनवस्तीचं गाव जोडलं होतं, नुसतं फिरून ‘शून्य’ लिहून यायचं. गेलो तर उसाच्या कडेला तोडकऱ्यांच्या खोप्या. बीडकडची टोळी, बैलगाड्या, पोरं, तीन दगडांच्या चुली, आणि एका खोपीपुढं बाटलीत वात घालून केलेली चिमणी जळतेली. महिना-दीड महिना तिथंच होते, पुढंही राहणार होते. आपल्या गावी पूर्ण काळ नसतील तर जिथं सापडतील तिथं मोजायचे, असा नियम. मी मोजले. पर्यवेक्षक म्हणाले, ‘मास्तर, शून्याच्या जागी हे काय?’ म्हटलं, चला दाखवतो. आले, बघितलं, सही केली. दुसऱ्या फेरीला गेलो तर टोळी पुढच्या फडावर गेली होती. खोप्यांचं पाचट तेवढं पडलं होतं.

पांढरी काळी

गावाला वस्ती आली आणि गेली, महसूलला पत्ता न्हाई.

करवीरची लेक

सर, हे विलक्षण आहे. पण मग रकान्याचं नाव?

पंचगंगा घाट

मी उशिरा आलो, सगळं वाचलं. ओसाड का नको? ओस पडलं ते ओसाड.

निवृत्त प्रगणक

कारण ओस पडायला आधी भरलेलं असावं लागतं. यादीतल्या काही गावांत कधी घरच नव्हतं. जंगलाचा नाहीतर गवताचा पट्टा, त्याला महसुली शीव पडली म्हणून ‘गाव’ झालं. ती ओसाड नाहीत, उजाड नाहीत, उठलेलीही नाहीत.

मिरजेचा अत्तरवाला

त्यांना बेचिराग चालतं. दिवा विझला असं शब्द म्हणतच नाही, दिवा नाही एवढंच म्हणतो. निर्जनपेक्षा सोज्वळ शब्द आहे बघा.

पंचगंगा घाट

सोज्वळ कसला! आमच्या घरी दिवा विझव म्हणत नाहीत, ‘शांत कर’ म्हणतात. कुणाच्या दाराला दिवा लागणार नाही असं म्हणणं ही शिवी आहे. अख्ख्या गावाला शासनानं तक्त्यात शिवी छापायची? त्यापेक्षा निर्जन बरं, भीती वाटली तरी शाप लागत नाही.

धरणाखाली गेलेल्या गावांना काय म्हणणार तेही सांगा. चांदोलीच्या पाण्यामुळं नि अभयारण्यामुळं उठलेली माणसं आज खाली हातकणंगले-शिरोळकडं वसाहतींत राहतात. दिवा त्यांनी बरोबर नेला. तिथं जाऊन सांगा, तुमचं गाव बेचिराग.

रंकाळ्याचा वारा

हे मात्र खरं बोलला.

उलटं पण होतंय बरं का. वळिवड्याला महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांचा कँप होता, १९४३ ते ४८, पाचेक हजार माणूस. ती गेली आणि फाळणीनंतरची सिंधी मंडळी आली. आज ते गांधीनगर, कापडाची पेठ. दिवा विझायला वेळच मिळाला न्हाई. आणि तेच ताईंचं सेन्सस टाऊन हाय.

करवीरची लेक

बरं झालं आठवण केलीत, माझा दुसरा प्रश्न सगळे विसरले होते. गांधीनगर, उचगाव, कबनूर, कोरोची ही तशी नावं आहेत. ग्रामपंचायत असली तरी तिथली लोकसंख्या किमान ५,०००, कामकरी पुरुषांतले निदान ७५ टक्के शेतीबाहेर आणि दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं, एवढं जुळलं की जनगणनेच्या लेखी ते शहर. देशात अशी २००१ ला १,३६२ होती, २०११ ला ३,८९४. म्हणजे शब्द लागणारच आहे.

शुद्ध तुपातली

गणनानगर.

रंकाळ्याचा वारा

राशनच्या दुकानासारखं वाटतंय.

मिरजेचा अत्तरवाला

आहे की शब्द, कसबा! मौजे म्हणजे शेतीचं गाव, कसबा म्हणजे बाजाराचं. कागल तालुक्यात मौजे सांगाव नि कसबा सांगाव दोन्ही आहेत. तुमच्या बापजाद्यांनी जनगणनेआधी वर्गवारी करून ठेवलीय.

निवृत्त प्रगणक

आणि कसबा बावडा? तो महापालिकेत आहे. आजच्या वर्गवारीशी जुनी नावं ताडून बघाल तर वेड लागेल.

करवीरची लेक

नावांवरून आणखी एक. इंग्रजी यादीवरून आधी कुणीतरी मराठी केलं होतं, त्यात ‘कळंबे टर्फ ठाणे’ असं छापलंय! मी आधी हसले, मग लक्षात आलं की टर्फचं तर्फ करायला शोधावं लागलं.

रंकाळ्याचा वारा

टर्फ असंल तर रात्री आठचा स्लॉट बघा, आमची टीम येती फुटबॉल खेळायला.

पांढरी काळी

कळंबे दोन हायती म्हणून तर्फ. एक तर्फ ठाणे, एक तर्फ कळे. ठाणे म्हणजे मुंबईजवळचं न्हवं, आमचं कसबा ठाणे. पोर्ले पण दोन, तर्फ ठाणे नि तर्फ बोरगाव. चुकलं की पोस्ट पलीकडच्या गावाला जातं. लग्नाची पत्रिका आमच्याकडं एकदा लग्न झाल्यावर आली.

मिरजेचा अत्तरवाला

तरफ, अरबी, म्हणजे बाजू. परगण्याचा एक भाग. ‘माझ्यातर्फे’ म्हणताना आपण तेच वापरतो. शुद्ध तुपातली ताई, याला काय म्हणता?

शुद्ध तुपातली

गावाच्या नावाला मी हात लावत नाही. पण ‘माझ्यातर्फे’ मी गेली वीस वर्षं लिहिलेलं नाही.

वऱ्हाडी ठेचा

मंग निमंत्रण पत्रिकेत काय लिहिता? आमंत्रक कोण्याच्या बाजूनं हे?

शुद्ध तुपातली

‘विनीत’. पुरतं.

पंचगंगा घाट

विनीत म्हणजे नम्र, शिकवलेला. बाजू त्यात कुठं आली? यावर वेगळा धागा काढा, मला लिहायचंय.

करवीरची लेक

कळवते की आज कागद दिला. तर्फ दुरुस्त केला. ‘जनगणना शहर’ तसंच ठेवलं, दुसरं सुचेना. रकान्यावर ‘वस्ती नसलेली गावे’ लिहिलं. त्यांनी फोन करून विचारलं, ‘हे इतकं सोपं होतं तर आठ दिवस काय करत होता?’

पांढरी काळी

शनवारी या ताई, दिवा लावणाऱ्याला भेटवतो. येताना वाटेत कुणाला बेचिराग म्हणून इचारू नका, मारुतीचं टेकाड म्हणा. आणि गमबूट घालून या, उसाला पाणी चालू हाय.