शब्दचर्चा : निर्वासित, तडीपार, परागंदा की हद्दपार?

शहापूर, बेळगाव
वाचनालयाच्या फलकासाठी चिलीचे वकील होसे सालाकेत यांचा परिचय लिहितोय. सप्टेंबर १९७३ मध्ये तिथल्या जनरल पिनोशेच्या लष्कराने सत्ता बळकावली. धरपकड झालेल्यांसाठी तिथल्या चर्चमंडळींनी एक समिती काढली आणि तिचं कायद्याचं काम सालाकेत बघू लागले. १९७५ साली त्यांनाच तुरुंगात टाकलं, १९७६ मध्ये देशाबाहेर काढलं. पुढे १९७९ ते १९८२ ते ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष होते. मी ‘राजकीय निर्वासित’ असं लिहिलं होतं. आमच्या सरांना ते पटत नाही, ते ‘तडीपार’ म्हणतात. काय ठेवू?

खानापूर
‘तडीपार’ नको. तडी म्हणजे नदीचा काठ, तेव्हा मूळ अर्थ पैलतीरी घालवलेला. त्यात वाईट काही नाही. पण आज हा शब्द ऐकला की पोलिसांचा हुकूम आणि गुंडाचं नावच समोर येतं. कन्नड बातम्यांतला ‘गडीपारु’ही त्याच वळणाचा. (आपल्याकडे गडी म्हणजे शेतावर राबणारा माणूस, कन्नडमध्ये गडी म्हणजे सीमा, सीमाभागाला ते गडिनाडु म्हणतात.) माणसं तुरुंगातून सुटावीत म्हणून झटलेल्या वकिलाला असा शब्द लावू नये.

‘निर्वासित’चं दुखणं वेगळं आहे. संस्कृतात तो ‘घालवून दिलेला’ असाच आहे, म्हणजे व्युत्पत्तीने तुम्ही बरोबर. पण फाळणीनंतर मराठीत निर्वासित म्हटलं की छावणी, शिधा आणि लोंढे आठवतात. माणूस आसरा मागणारा ठरतो, आणि त्याला घालवलं कुणी हे वाक्यातून निसटतं.

‘हद्दपार’मध्ये ते निसटत नाही. हद्दपार कुणी आपणहून होत नाही, कुणीतरी करावं लागतं. म्हणून कर्ता सांगून लिहा : ‘लष्करी राजवटीने १९७६ साली त्यांना हद्दपार केले.’

निपाणी
‘परागंदा’ राहिला की! फार्सीतून आलेला, मूळ अर्थ विखुरलेला. जीव वाचवायला स्वतः निघून गेलेल्यासाठी तो नेमका आहे. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले कितीतरी कार्यकर्ते पोर्तुगीज पोलिसांचा ससेमिरा चुकवून बेळगावात येऊन राहिले. १९५५ पासून गुप्त रेडिओ आधी आंबोलीहून आणि मग कॅसलरॉकहून चालला, तो चालवणारेही घरापासून तुटलेलेच. हे परागंदा. त्याच लढ्याचे नेते टी. बी. कुन्हा यांना मात्र १९४६ साली पकडून थेट पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात नेऊन ठेवलं, ते हद्दपार. सालाकेत यांची गोष्ट कुन्हांच्या जवळची आहे.

शहापूर, बेळगाव
पटलं. ‘हद्दपार’ घेतो. आता पुढचं, ‘मानवी हक्कांचे पुरस्कर्ते’ चालेल?

खानापूर
पुरस्कर्ता विचाराचा असतो, भाषणातही भागतं. माणसाच्या पाठीशी उभा राहतो तो कैवारी. ‘कैवार घेणे’ हे आपल्या घरातलं क्रियापद आहे, मोठ्या भावाने धाकट्याचा घ्यावा तसं. समितीतल्या आणि ॲम्नेस्टीतल्या सालाकेतना ‘कैवारी’ शोभतो.

पण फलकावर पुढचा भाग गाळू नका. १९८६ साली ते चिलीला परतले, आणि लोकशाही आल्यावर १९९० मध्ये पिनोशेच्या काळातल्या हत्यांची चौकशी करणाऱ्या रेत्तिग आयोगाचे सदस्य झाले. तिथे कैवार बाजूला ठेवून राजवटीच्या आणि तिच्या विरोधकांच्या, अशा दोन्ही बाजूंचे मृत्यू तपासायचे होते. आयोगात पिनोशेच्या काळात पदं भूषवलेली माणसंही होती, त्यांच्याबरोबर बसून अहवाल लिहायचा होता. १९९१ च्या त्या अहवालात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या २,२७९ जणांची नोंद आहे. ज्याला स्वतःला घराबाहेर काढलं त्याने हे काम केलं, माझ्या लेखी हा त्यांच्या आयुष्याचा सर्वांत अवघड भाग. तिथे नुसतं ‘आयोगाचे सदस्य’ असं साधं लिहिलंत तरी पुरे.

निपाणी
त्या वाक्यातला ‘बेपत्ता झालेल्या’ बदला. जत्रेत पोर बेपत्ता होतं. या माणसांना घरातून, रस्त्यावरून उचलून नेलं आणि नंतर सरकारने कानावर हात ठेवले. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘अटक करून नाहीसे केलेले’ अशा अर्थाचंच म्हणतात. मराठीत ‘अटकेनंतर गायब केलेले’ लिहा. एक शब्द वाढला तर वाढू दे, फलकावर जागा आहे.

शहापूर, बेळगाव
तसंच लिहितो. ‘झालेल्या’ खोडून ‘केलेल्या’ केलं.