हा आपसूक उगवलेला वेल कशाचा?

प्रश्न: परभणीला आमच्या न्हाणीच्या मोरीपाशी पावसाळ्यात एक वेल उगवलाय. मी काही लावलं नव्हतं. पानं कातरलेली, फुलं पांढरी, बारीक. फळ म्हणजे हिरवा तीनधारी फुगा, आत निव्वळ हवा! सासूबाई म्हणतात, उपटून टाक. काय असंल?

उत्तर: वाळलेला फुगा फोडून बघा. काळ्या बीवर पांढरा बदाम आहे का?

प्रश्नकर्ती: अगं बाई, आहे की! तीन बिया निघाल्या, तिन्हींवर. पत्त्यातल्या बदामासारखा.

उत्तर: मग कपाळफोडी. लहानपणी आम्ही फुगे कपाळावर आपटायचो, फट्‌कन वाजायचे. तमिळनाडूत ह्याचा पाला डोशाच्या पिठात वाटून घालतात.

दुसरं उत्तर: ठेवायचाच तर एक ठेवा. माझ्याकडं कुंपणावर होता, पुढच्या साली तुरीत निघाला.