वर्गात झोपणारं मूल : बेशिस्त कुणाची?

डोंबिवलीकर
परवा इथे एका बाईंनी लिहिलं होतं, "वर्गात झोपणारं मूल हा घरातल्या बेशिस्तीचा पुरावा आहे. शाळेने पालकांना बोलावून समज द्यावी." दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी मुलगी साडेपाच वर्षांची, सिनियर केजीत. शाळा सातची. व्हॅनचा पहिला थांबा आमचा, म्हणून काका सव्वासहाला हॉर्न देतात. म्हणजे पावणेसहाला उठवणं आलंच. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते. किमान १० धरले तरी तिने रात्री पावणेआठला झोपायला हवं. मी दाराशी पोचते तेव्हाच आठ वाजून गेलेले असतात. दिवसभरात आई भेटते ती तेव्हा. तेव्हाही तिला झोपलेलीच बघू का?

डायरीत तीनदा लाल शेरा आलाय. गेल्या आठवड्यात बाकावर डोकं टेकलं म्हणून उभं केलं. आता ती विचारते, "आई, डोळे आपोआप मिटले तर काय करायचं?"

८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आहे, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. आमच्या शाळेने व्हॅन आणि दोन पाळ्यांत भरणाऱ्या वर्गांची अडचण सांगून विषय संपवला.

निवृत्त_बाई
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेणार नाही. ३४ वर्षं प्राथमिकला शिकवलंय. तो निर्णय नीट वाचा, पालकच उशिरा झोपतात हे कारण त्यातही दिलंय. सोमवारी पेंगणारं मूल विचारलं की सांगतं, काल लग्नाला गेलो होतो, अकराला जेवलो. चाळीस मुलांत एक झोपलं की शेजारचं त्याला टोचतं, तिसरं हसतं, तास गेला. आणि नाही उठवलं तर हेच पालक येऊन विचारतात, फी काय झोपायला भरतो का?

डोंबिवलीकर
लग्नाचं मला कशाला ऐकवता? मी लोकलला लोंबकळून घरी येते, मांडवातून नाही.

बदलापूर_फास्ट
ताईंशी १००% सहमत. खरा प्रश्न लोकलचा आहे. साध्या गाड्या काढून त्या वेळेला एसी घुसवल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये बदलापूरला लोक उगाच आंदोलनाला उतरले नव्हते. एक गाडी हुकली की पोरं आजीच्या मांडीवर वाट बघत जागी राहतात.

ठाणे_पूर्व
एसीला सरसकट नावं ठेवू नका. माझी बायको गरोदरपणात एसीनेच गेली, नाहीतर नोकरी सोडावी लागली असती.

बदलापूर_फास्ट
तुम्हाला ठाण्यातून गाडी सुटते हो! बदलापूरला येऊन साडेसातच्या गर्दीत उभे राहा, मग बोला.

ठाणे_पूर्व
सुटणाऱ्या गाडीतही मुलुंडहून उलट्या दिशेने बसून आलेले असतात, दारात पाय ठेवू देत नाहीत. पासाचे पैसे आम्हीही भरतो.

जिप_गुरुजी
गाड्या बाजूला ठेवा. आमची शाळा साडेदहाची. व्हॅन नाही, लोकल नाही. तरी दुपारी दोनला पहिलीची निम्मी मुलं पेंगतात. लोक खिचडीला दोष देतात. पण रिकाम्या पोटीही दुपारी झोपेची लाट येतेच, मोठ्यांनाही येते. तीन वर्षांच्या पोराला ती अनावर होते, सहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांची दुपारची झोप सुटते. काहींची सुटत नाही. त्यात ऊसतोडीच्या दिवसांत आईबाप अंधारात फडावर निघतात, त्यांच्याबरोबर पोरंही उठतात. त्या आईला कुठली समज देणार, बाई?

मी मागच्या भिंतीशी सतरंजी टाकतो. वीस-पंचवीस मिनिटांत मूल आपणहून उठतं आणि पाढे म्हणायला लागतं. एकदा साहेब तपासणीला आले, एक मूल झोपलेलं दिसलं. मला लेखी खुलासा द्यावा लागला. सतरंजी अजून तिथेच आहे.

अंगणवाडी_ताई
आमच्याकडे झोपलेल्या लेकराला कुणी उठवत नाही. पण आम्हाला त्याच्याजवळ बसायला वेळ कुठे? हजेरी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर, वजनही त्यावरच. नेटवर्कसाठी मी रस्त्यावर फोन धरून उभी असते, आत मदतनीस एकटी. त्यावर कुणीच का लिहीत नाही?

चिनूची_आई
माझा अनुभव वेगळा आहे, राग मानू नका. चिनू नऊला झोपायचा, सातला उठायचा, तरी वर्गात झोपायचा. दोन वर्षं सगळ्यांनी मला, त्याला मोबाइल देते म्हणून, बोल लावले, सासूबाईंनी, त्याच्या बाईंनीही. तो रात्री घोरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकामागच्या ग्रंथी वाढल्यात, झोप पुरी होतच नाही. शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांत पेंगणं थांबलं. त्या डायरीत "आळशी" लिहिलेलं पान मी अजून फाडलेलं नाही.

निवृत्त_बाई
घोरण्याचं मला ठाऊक नव्हतं. ते मान्य. पण दहातली नऊ मुलं जागरणामुळेच झोपतात, यावर मी ठाम आहे.

जिप_गुरुजी
नऊ धरा. त्या नऊ जणांना उभं करून झोप जाते का?

निवृत्त_बाई
नाही जात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, दुसरीतला. वडील गिरणीत रात्रपाळीला, दहा बाय दहाची खोली. ते दिवसा झोपायचे म्हणून दुपारी याला बाहेर काढायचे आणि सकाळी पाणी भरायला पहिला हाच. त्याला मी खिडकीशी उभं करायचे, वारं लागलं की जाग येईल म्हणून. तो उभ्या उभ्या झोपायचा, गज धरून. डोंबिवलीकर ताई, तुमच्या लेकीचं वाचलं आणि तोच आठवला. शाळेने नियम पाळावा, पालकांनी वेळेवर निजवावं, हे माझं म्हणणं कायम आहे. पण तुमच्या लेकीला उभं करू नये, एवढं त्यांना सांगा.

डोंबिवलीकर
शनिवारी पालकसभा आहे. सांगते. आणि व्हॅनचा फेरा उलटा फिरवता येईल का, तेही काकांना विचारते. शेवटचा थांबा आमचा झाला तर तिला अर्धा तास मिळेल.

बदलापूर_फास्ट
मग पहिला थांबा कुणाचा होणार, ताई?