‘अप्लॉज’मधला फिरता कॅमेरा : शैली की मिरवणूक?

सिनेविवेक : दिग्दर्शक रूबेन मामुलियन यांचा ‘अप्लॉज’ (1929) हा आरंभीच्या बोलपटांचा मानदंड मानला जातो, हे मला मान्य नाही. कॅमेरा फिरवता येतो म्हणून फिरवला आहे. वय उतरलेली बर्लेस्क-नर्तकी (बर्लेस्क म्हणजे उत्तान नाचगाण्यांचा रंगमंचीय तमाशा) आणि कॉन्व्हेंटमधून परतलेली तिची मुलगी यांची कथा मात्र रडकथाच राहते.

रात्रपाळी : आपण चित्रपट पाहिला आहे की केवळ त्याविषयी वाचले आहे? त्या काळी कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद खोलीवजा पेटीत कोंडला जाई आणि नट मायक्रोफोनभोवती खिळून राहत. मामुलियन यांनी ती पेटीच चाकांवर चढवली. आई मुलीला निजवताना बर्लेस्कचेच गाणे अंगाईसारखे म्हणते आणि मुलगी त्याच वेळी प्रार्थना पुटपुटते. एका मायक्रोफोनने दोन्ही आवाज पकडता येईनात, तेव्हा त्यांनी दोन मायक्रोफोन लावून ते स्वतंत्रपणे मुद्रित करवले आणि मग एकत्र केले. मायलेकींची दोन जगे एकाच चौकटीत एकदम ऐकू येतात. याला मिरवणूक म्हणायचे?

विंगेतला : हौशी नाटकांचे ध्वनिसंयोजन मी वर्षानुवर्षे करतो आहे आणि ‘एकच माइक पुरे’ हे आयोजकांचे वाक्य अजून ऐकतो. एका स्पर्धेत नायिकेचा हुंदका प्रेक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही; परीक्षकांनी गुण मात्र तिचे कापले. मामुलियन ‘पोर्गी’सारखे नाटक बसवून चित्रपटात आले होते, म्हणून त्यांना कान होता.

सिनेविवेक : धागा स्पर्धेच्या गुणांवर नाही.

विंगेतला : कुजबुज ऐकू यावी यासाठी भांडणारा दिग्दर्शक हाच धाग्याचा विषय आहे. आमच्याकडे तर दुसरा माइक मागणाऱ्यालाच नखरेल ठरवतात, आणि आपणही तेच करत आहात.

रात्रपाळी : शिवाय आईची भूमिका करणाऱ्या, तिशीही न ओलांडलेल्या हेलन मॉर्गनला त्यांनी थकलेली, सुटलेल्या अंगाची दाखवले. नट्यांना उजळवण्याच्या त्या दिवसांत हे धाडसच होते.

सिनेविवेक : अंगाईचे दृश्य दिले, घ्या; आता त्याची आरती करा. पण नर्तकींच्या पायांवरून सरकणाऱ्या कॅमेऱ्यात मला करुणा नव्हे, तुच्छता दिसते.

रात्रपाळी : तुच्छता आहेच, पण ती समोर बसलेल्या लाळ गाळणाऱ्या प्रेक्षकांविषयी आहे, त्यांचे चेहरे कॅमेरा किती निर्दयपणे टिपतो, तेवढे पुन्हा पाहा.