"काही करत नाही हो तो!" – कुत्र्यांचे मालक आणि घाबरणारी मुलं

सईची_आई

"काही करत नाही हो तो!" हे वाक्य ज्या मालकाच्या तोंडून येतं, त्याच्या हातात त्या वेळी बहुधा पट्टा नसतो. माझं म्हणणं सरळ आहे. लहान मूल घाबरलं, एवढं कारण कुत्र्याला आवरायला पुरेसं आहे. चावा, ओरखडा, टाके यांची वाट बघायची नाही.

मागच्या रविवारी आम्ही टेकडीवर गेलो होतो. सई सहा वर्षांची आहे. वळणावरून एक लॅब्राडॉर सुसाट आला आणि त्याने पुढचे दोन्ही पाय तिच्या खांद्यावर ठेवले. मोठा लॅब असा उभा राहिला की त्याचं तोंड सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडासमोर येतं. आपल्याला तो गुडघ्याच्या जरा वर लागतो, म्हणून हे लक्षातच येत नाही. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती ताठ झाली आणि उभ्या जागी तिची लेगिंग ओली झाली. मालक मागून सावकाश, हसत आले. "अगं खेळतोय तुझ्याशी! सवय लावा हो तिला." त्यांनी शिट्टी वाजवली, हाका मारल्या, कुत्रा ढिम्म. शेवटी मीच त्याला कॉलरला धरून बाजूला केला.

आता सई खाली खेळायला जायच्या आधी गॅलरीतून वाकून बघते, कोणी कुत्रा फिरवतंय का. कुत्र्यांशी माझं वैर नाही, माहेरी आमच्या वाड्यातही कुत्रा होता. पण सार्वजनिक जागी पट्टा हातात हवा, आणि समोरचं मूल बिचकलं तर कुत्र्याला जवळ ओढून मालकाने थांबायचं, मुलाने नाही. तुम्हाला काय वाटतं?

तळजाईकर

शंभर टक्के सहमत. आणि फक्त मुलांचं कशाला घेता? माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मोठा कुत्रा प्रेमाने जरी अंगावर आला तरी मी आडवा होईन आणि मग उठायचं कसं? टेकडीवर तर पक्ष्यांचंही बघायला हवं. पुण्यात तळजाईला, वेताळ टेकडीवर मोर आहेत. सकाळी मोकळे सोडलेले कुत्रे त्यांच्यामागे झाडोऱ्यात घुसतात आणि मालक वर बाकावर बसून फोनवर बोलत असतात. कौतुक वाटतं त्यांना, "बघा कसा पळतोय!"

ब्रूनोची_ताई

सईची आई, टेकडीवर जे झालं ते चूकच. त्या गृहस्थांची बाजू मी घेणार नाही. पण "घाबरलं एवढं पुरेसं" हा नियम मला मान्य नाही, कारण त्याचा त्रास काय होतो ते मी रोज भोगते.

माझा ब्रूनो गावठी आहे, रस्त्यावरून उचलून आणलेला. वय झालंय, मागचे पाय धरतात. आमच्या सोसायटीत कोणीतरी "मुलं घाबरतात" म्हणून तक्रार केली आणि वॉचमनला सांगितलं गेलं की या बाईला लिफ्टमध्ये घ्यायचं नाही. म्हातारं जनावर जिन्यातून सहा मजले उतरतं, प्रत्येक मजल्यावर थांबून धापा टाकतं. पट्टा आखूड असतो, तो कोणाकडे बघतही नाही. तरी लिफ्टचं दार उघडलं की "ईईई कुत्राऽऽ" म्हणून किंचाळायचं, आणि सोबतच्या आईने मुलाला नाही, मला डोळे वटारायचे! प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलंय की बहुमताने ठराव करूनसुद्धा सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. वाचतं कोण?

आणि ही भीती येते कुठून तेही बोला. "जेव नाहीतर भू-भूला बोलावते" हे कोण म्हणतं? दोन वर्षांच्या पोराला घास भरवायला रोज कुत्र्याचा बागुलबुवा करायचा आणि चार वर्षांनी ते कुत्रा बघून थरथरायला लागलं की खापर आमच्या डोक्यावर फोडायचं. शिवाय मुलं दगड मारतात, शेपटी ओढतात, अंगावर लवंगी फटाके टाकतात. दिवाळीत ब्रूनो पलंगाखालून बाहेर येत नाही. त्याच्या भीतीसाठी कोणी थांबतं का?

सईची_आई

ताई, लिफ्ट नाकारली हे वाईट आणि बेकायदेशीरही. बागुलबुव्याचंही पटतं, मी स्वतः ते कधी केलेलं नाही, पण आजूबाजूला रोज ऐकते. दगड मारणाऱ्या मुलाच्या आईबापाला बोललंच पाहिजे.

पण सईने दगड मारला नव्हता. ती रस्त्याने चालत होती. दुसऱ्या कुठल्या तरी मुलांनी खोड्या काढल्या याचा हिशेब तिच्याकडून का घ्यायचा? आणि भीती घरातून आली की रस्त्यावरून, यावरून त्या क्षणी तुमची जबाबदारी बदलते का? मूल घाबरलंय हे तुम्हाला समोर दिसतंय. पट्टा तुमच्या हातात आहे. तिच्या हातात काहीच नाही.

भटक्यांचा_दोस्त

तुमचा रोख चुकतोय. मुलांना खरा धोका पाळीव कुत्र्यांपासून आहे की नसबंदी न झालेल्या, उकिरड्यावर वाढणाऱ्या टोळ्यांपासून? सर्वोच्च न्यायालयात २०२५ च्या ऑगस्टमध्ये एवढं रामायण झालं, आधी दिल्लीतले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यात टाका, मग अकरा दिवसांत तो आदेश बदलला, नोव्हेंबरमध्ये शाळा-दवाखाने-एसटी स्टँडच्या आवारातून कुत्रे हलवायला सांगितलं. ते सगळं सोडून इथे एका खेळकर लॅबवर धागा! अशा धाग्यांतून कुत्र्यांविषयीचा द्वेषच वाढतो आणि त्याची किंमत रस्त्यावरची मुकी जनावरं मोजतात. मी रात्री खायला घालतो, लोक काठ्या घेऊन अंगावर येतात.

सईची_आई

भटक्यांचा प्रश्न मोठा आहेच, त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे मी पाळीवांबद्दलच बोलतेय, आणि त्याला कारण आहे. भटक्या कुत्र्याने अंगावर उडी मारली तर जाब विचारायला समोर कोणी नसतं. इथे शिकलेला, कमावता माणूस पाच फुटांवर उभा असतो आणि हसतो.

गोठा_ते_दवाखाना

पशुवैद्य आहे, दोन्ही बाजूंना थोडं ऐकवतो.

मालकांनो, "काही करत नाही" हे तुम्हाला ठामपणे सांगता येत नाही, मलाही येत नाही. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खुशीत आहे असं नसतं. ताठ अंग, वर धरलेली आणि तुटक हलणारी शेपटी, डोळ्यांतलं पांढरं दिसणं, वारंवार ओठ चाटणं ही ताणाची लक्षणं आहेत, आणि निम्मे मालक ती ओळखत नाहीत. किंचाळत पळणारं मूल दिसलं की पाठलाग करावासा वाटणं हे कुत्र्याच्या अंगातच असतं, शांत कुत्र्याच्यासुद्धा. हाक मारल्यावर शंभर वेळा परत येणारा कुत्राही समोर मांजर आली की एकशे एकाव्या वेळी येत नाही.

"चावला नाही ना?" हेही पुरेसं नाही. नख लागून नुसतं खरचटलं, रक्त आलं नाही, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लशीसाठी डॉक्टर गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. संशयित पिसाळलेल्या प्राण्याने चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना चावा बऱ्याचदा तोंडावर, मानेवर बसतो, त्याचं कारण सईच्या आईने सांगितलेली उंची.

पालकांनो, मुलाला एक गोष्ट घरी करून दाखवा. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. जागेवर झाड होऊन उभं राहायचं, हाताची घडी, नजर स्वतःच्या पायांकडे. बहुतेक कुत्रे हुंगतात, कंटाळतात आणि निघून जातात. पडलंच तर पोटाशी गुडघे घेऊन हातांनी मान-कान झाकायचे. आणि मालकाला विचारल्याशिवाय कुठल्याही कुत्र्याला हात लावायचा नाही, त्याच्या ताटाजवळ किंवा झोपेत तर नाहीच.

ब्रूनोची_ताई

डॉक्टर, हे शाळेत शिकवायला हवं. "कुत्रा दिसला की पळ" हेच शिकवतात बहुतेक घरांत.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहिता, कलम २९१: ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ शकते हे दिसत असताना पुरेशी काळजी न घेणं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच कलम २८९ होतं, दंड हजार रुपये.

हे कागदावरच राहतं असं समजू नका. वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होते. मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा, असं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं. शेजाऱ्याने ऐकलं नाही, आपल्या हस्कीला ओढून आत घेतलं आणि कुत्रा त्या वडिलांच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. कुत्र्याला फरफटत आणलेलं सीसीटीव्हीत दिसलं, तेही त्याच्या विरोधात गेलं. माझ्या दृष्टीने या खटल्यात या धाग्याचं सगळं सार आहे: मूल घाबरतं हे सांगून झालेलं होतं. त्याच वर्षी जुलैत मानखुर्दला रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडून मालक हसत बसल्याचा व्हिडिओ फिरला, तिथेही गुन्हा नोंदला गेला.

सईच्या बाबतीत मात्र दुखापत नाही, त्यामुळे पोलीस ठाण्यात तक्रार घ्यायला टाळाटाळ होईल.

लीड्सची_माई

इथे इंग्लंडमध्ये नेमका हाच फरक आहे. १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यात कुत्रा "आवाक्याबाहेर" ठरायला चावावा लागत नाही. तो इजा करेल अशी रास्त भीती कोणाला वाटली तरी पुरतं. २०१४ पासून हे खासगी आवारालाही लागू आहे. लोक कुत्र्यांवर जीव टाकतात, पबमध्ये नेतात, ट्रेनमध्ये नेतात. पण शाळेच्या रस्त्यावर समोरून मूल आलं की बहुतेक जण न सांगता पट्टा आखडतात आणि मुलाची बाजू सोडून दुसऱ्या बाजूला कुत्रा घेतात. माझी नात याच रस्त्यावर भीती विसरली, कारण एकही कुत्रा तिच्यापर्यंत पोचू दिला गेला नाही.

भटक्यांचा_दोस्त

तिथे कुत्र्यांना मोकळं पळायला मैदानं आहेत, माई. इथे बागेच्या फाटकावर "कुत्र्यांना प्रवेश नाही", मैदानात क्रिकेटवाले, फुटपाथवर गाड्या. कुत्रा पळणार कुठे? न पळवलेला कुत्रा घरात वैतागतो, अंगावर उड्या मारतो, मग तुम्हीच म्हणता वळण नाही. आधी जागा द्या, मग पट्ट्याचं बोला.

तळजाईकर

जागा नाही हे खरं, पण नसलेल्या जागेचा भुर्दंड टेकडीवर चालायला आलेल्या मुलीने का भरायचा? मोठा कुत्रा फ्लॅटमध्ये आणताना हा विचार कोणी करायचा? हस्की, सेंट बर्नार्ड आपल्या उन्हात आणून तीन खोल्यांत कोंडतात लोक. मुळात तोच अन्याय आहे.

ब्रूनोची_ताई

काका, यावर मात्र मी तुमच्या बाजूने. फोटोसाठी कुत्रा आणणाऱ्यांमुळे आम्ही सगळेच बदनाम होतो.

सईची आई, माझं म्हणणं पुन्हा मांडते. टेकडीवर मोकळा सोडणं बंद, मान्य. मूल बिचकलं तर मी थांबेन, पट्टा गुंडाळून ब्रूनोला माझ्या मागे घेईन, मान्य. लिफ्टमध्ये आधीच मूल असेल आणि ते घाबरत असेल तर मी पुढच्या फेरीने जाईन. पण मी आधी आत असेन तर पुढच्या फेरीने तुम्ही या. आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहिल्यावरही "कुत्राच नको इथे" असं कोणी म्हणालं तर मी हलणार नाही. रस्ता ब्रूनोचाही आहे.

सईची_आई

लिफ्टचं मान्य, आधी जो आत तो आधी. रस्त्याचंही. फक्त एक मला पटत नाही. मागे तुम्ही फटाक्यांचं म्हणालात, त्याच्या भीतीसाठी कोण थांबतं म्हणून. थांबलंच पाहिजे. पण म्हणून मुलाच्या भीतीत सूट मिळत नाही. सहा वर्षांचं मूल आणि आपण सारखे जबाबदार नाही आहोत.

सईला तुमचा ब्रूनो लांबून दाखवायची माझी इच्छा आहे. तो बसलेला असताना, पट्ट्यात, आणि ती म्हणेल तेवढ्याच अंतरावरून. ती "नको" म्हणाली तर परत यायचं.

ब्रूनोची_ताई

कधीही आणा. तो बहुतेक वेळ झोपलेलाच असतो.

गोठा_ते_दवाखाना

पहिल्या भेटीत हात लावायला सांगू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. रस्त्याच्या या बाजूला मुलगी, त्या बाजूला कुत्रा, पाचेक मिनिटं, बस. पुढच्या वेळी अंतर कमी करायचं की नाही ते तिला ठरवू द्या.

तळजाईकर

डॉक्टर, जाता जाता पट्ट्याचं सांगा. ते बटण दाबलं की लांब होणारे दोरीवाले पट्टे चालतात का? आमच्या सोसायटीत सगळ्यांकडे तेच आहेत.

गोठा_ते_दवाखाना

गर्दीच्या जागी नको. दोरी सुटली की कुत्रा दहा-पंधरा फूट पुढे, तोपर्यंत तो मुलाजवळ पोचलेलाही असतो. झटक्यात आवरायला गेलं तर ती बारीक दोरी हात कापते, मुलाच्या पायात अडकली तर पाय कापते. साधा कापडी रुंद पट्टा, चार ते सहा फुटांचा. ओढणारा कुत्रा असेल तर गळ्याऐवजी छातीला हार्नेस, पुढे कडी असलेला. पट्टा मनगटात अडकवा आणि तो मुलांच्या हातात देऊ नका. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन शेफर्ड आवरत नाही.